भट्टीचं दार

काच फुंकण्यात वहिनीचा हात धरणारं त्या कारखान्यात कोणी नव्हतं. नवरा वारल्यावर तिने त्याची फुंकनळी उचलली, आणि ती आपल्यापेक्षा सरस आहे हे धाकट्या दिराला मनातून कबूल होतं.

कमरेएवढी निळी फुलदाणी तिला सातव्या खेपेला जमली. सावकाश निवावी म्हणून ती दोन दिवस बंद भट्टीत ठेवायची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी जेवायला गेली असताना दिराचा मित्र आला.

"बघू तरी," तो म्हणाला.

दिराने फुशारकीने दार उघडलं. आतून 'टिक' असा बारीक आवाज आला, तसं त्याने ते घाईघाईने लावून टाकलं.

फुलदाणी बाहेर काढली तेव्हा काठापासून बुडापर्यंत तडा गेला होता.

"जाडी सारखी राहिली नाही सूनबाई," सासरे म्हणाले. "फुंकर कमी पडली कुठेतरी."

"असेल, बाबा."

दीर शेजारीच उभा होता. उद्या सांगू, उद्या सांगू करत दिवस गेले. इकडे वहिनीने फुंकनळी भिंतीला टेकवली ती टेकवलीच. दिवसभर ती दुसऱ्यांनी केलेल्या पेल्यांचे काठ घासत बसे. ते पाहिलं की तो नजर चोरून दुसरीकडे जाई.

एके सकाळी काठ घासता घासता तिनेच त्याला थांबवलं. "भावोजी, खरं सांगा. माझा दम कमी झालाय का?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दार मी उघडलं होतं, वहिनी. मित्राला दाखवायला."

तिचा हात थांबला. "किती वेळ?"

"मिनिटभर."

"आणि मी तीन आठवडे डॉक्टरकडे छाती तपासून घेतेय." तिचा आवाज चढला नाही. "बाबांना सांगा. माझ्यासमोर."

त्याने सांगितलं. म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला. मग सुनेकडे वळून म्हणाला, "माझं चुकलं, पोरी." मुलाकडे मात्र त्याने पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी पुन्हा फुंकायला लागली. तशी फुलदाणी जमायला दीड महिना लागला. तेवढ्या दिवसांत ती दिराशी बोलली ती कामापुरतीच. तो मदतीला पुढे झाला की "राहू द्या" म्हणायची. त्यात राग नसायचा, आणि तेच त्याला जास्त लागायचं.