पुढल्या डिसेंबरातली कीर्तनं

मूल शहराच्या अलीकडच्या त्या गावात, पौषातल्या भर दुपारी, देवळापुढे चपला काढायलाही जागा उरली नव्हती. जीपगाड्या माणसं ओतून जात होत्या. सगळ्यांचे डोळे सभामंडपातल्या टीव्हीवर. त्यावर नथ्थूमहाराजांच्या कीर्तनांची यादी आणि पुढे तारखा. महाराजांना जाऊन अठरा दिवस झाले होते, आणि यादीतल्या सात कीर्तनांचे दिवस अजून उगवायचेच होते! शेवटचं तर येत्या अठ्ठावीस डिसेंबरचं.

"महाराज गेले म्हणता?" त्रिकालबुवा गरजला. "अरे मूर्खांनो, ते वैकुंठातून वर्षभराची कीर्तनं आगाऊ धाडून राह्यले!"

हा त्रिकालबुवा म्हणजे परवापर्यंत ब्रह्मपुरीच्या स्टँडवर ग्रहांच्या अंगठ्या विकणारा इतवारी. महाराजांच्या हयातीत एका कीर्तनाला बूड टेकलं नाही. आता भगवी शाल पांघरून पट्टशिष्य!

देवाजीभाऊ खांबाला टेकून पाहत होते. तेवीस वर्षं त्यांनी महाराजांना मृदंगाची साथ केली. हे खरं असावं, असं त्यांच्याइतकं कुणाला वाटणार? आणि देवळाच्या कीर्तन मंडळाचा नेमही तसाच: आरती झाली की रेकॉर्डिंग त्याच पावली दूरच्या सर्व्हरवर चढवायचं. म्हणजे फाइलीची तारीख तोच कीर्तनाचा दिवस. देवळातली तारीख खोटी कशी असेल? शहाणीसुरती माणसं फसली ती इथंच.

पण भाऊंची नऊ वर्षांची नात दिव्यानी घरी गुडघे धरून कण्हत होती. पोरीला सिकलसेल, रक्तातला जन्मजात आजार. बुवानं फर्मावलं होतं, "अठ्ठावीस डिसेंबरले महाराज स्वतः हाडांतलं दुखणं ओढून घेतीन. तोवर डॉक्टरची गोळी पोटात गेली तर कृपा विटाळली समजा." सून मंगलीनं सहा दिवस गोळी बंद ठेवली होती.

"मामाजी, बुवा म्हणते, थोडं सोसावं लागते," ती म्हणायची.

"सोसून पोरगी राह्यली ना वो, बुवा नाई!"

त्या दुपारी बुवानं डिसेंबरातलं ते कीर्तन लावलं. गजर रंगात आला आणि मध्येच मृदंगावरचा हात चुकला, पाठोपाठ खोकल्याची उबळ. देवाजीभाऊ दचकले. हा खोकला त्यांचा स्वतःचा होता! वैकुंठात त्यांना कुणी नेलं होतं? त्यांनी सरळ मूलच्या कॉम्प्युटरवाल्या शाजियाला फोन लावला. यादी टीव्हीवर दाखवणारा प्रोग्राम तिनंच श्रावणात करून दिला होता.

तासाभरात शाजिया स्कूटीवरून आली. सर्व्हरची मूळ यादी उघडली, दोन मिनिटं पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"देवाजीभाऊ, चूक माझी आहे."

"तुझी? ते कशी वो?"

"सर्व्हर जुन्या फाइलीपुढे वर्ष देतो. पण गेल्या सहा महिन्यांतली फाइल असली तर नुसता महिना, दिवस आन् वेळ. हे पाहा, डिसेंबर अठ्ठावीस, सहा चाळीस. वर्ष हाय काय कुठी? वर्ष माझा प्रोग्राम लावते. मी त्याले सांगून ठेवलं, वर्ष नसन तर चालू वर्ष लाव. एकतीस डिसेंबरपर्यंत बरोबर चाललं. जानेवारी लागला, वर्ष बदललं, आन् मागची सात कीर्तनं पुढं जाऊन बसली."

"यंत्राची पोरगी देवाले शिकवते!" बुवा कडाडला. "ही लीला हाय, लीला!"

"बरं," शाजिया म्हणाली. "मंडळाच्या दवंड्याही याच सर्व्हरवर असते. लावू?"

टीव्हीवर ओळ उमटली: झिंगूची म्हैस हरवली. तारीख, येता तीस डिसेंबर.

"झिंगूभाऊ, म्हैस कवा हरवली होती?"

"मागल्या तीस डिसेंबरले. तिसऱ्या दिवशी सापडली, आता तर व्यालीबी."

बुवाची बोबडी वळली, पण जीभ थांबेना. "ती... ती पुन्हा हरवणार हाय! भविष्यवाणी!"

"मंग मी आतापासूनच दावं धरून बसू काय बुवा? वर्षभर?"

देऊळ हसून दणाणलं. शाजियानं एक ओळ लिहिली: तारीख आजच्या पुढची निघाली, तर वर्ष एकानं मागं घे. यादी नव्यानं आली. सातही कीर्तनं आणि म्हैस निमूट मागल्या वर्षात जाऊन बसली.

हशा विरला. देवाजीभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. आता कुठे महाराज त्यांच्यासाठी खरोखर गेले होते. बुवा शाल सावरत चपला शोधू लागला, तशी गर्दीतली म्हातारी धुरपताबाई आडवी आली. "थांब ना रे त्रिकाला, लेकराचे सहा दिवस कोण भरून देते?" "लीला... लीला हाय," तो पुटपुटत राहिला.

"मंगली," भाऊ बायकांच्या घोळक्याकडे पाहत म्हणाले, "दिव्यानीले जीपमंदी घे. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

मंगली आधीच घराकडे धावली होती.

भाऊ लोकांकडे वळले. "मी मरेपर्यंत हरीचं नाव घीन. पण बापहो, समजलं नाई म्हणून चमत्कार म्हणू नका. इचारा. ज्या पोरीची चूक होती तिनं ती चारचौघांत सांगतली अन् सुधारली. ज्यानं त्या चुकीवर दुकान मांडलं, तो अजून लीलाच म्हणून राह्यला. आपलं लेकरू कोणाच्या भरवशावर सोडाचं, हे तुम्हीच ठरवा."

आणि ते जीपकडे चालू लागले.