किती ठेवू?

"किती ठेवू?" काकूंनी विचारलं.

खुर्चीत बसलेल्या चष्मेवाल्या मुलाने तोंड उघडायच्या आत त्याच्यामागे उभ्या असलेल्या कॅप्टननेच उत्तर दिलं, "मधोमध पट्टा मारा. कपाळापासून थेट मानेपर्यंत."

"तुला नाही विचारलं. जो बसलाय त्याला विचारलंय."

कॅप्टनबरोबर आलेले दोघे-तिघे हसले. हा कॅप्टन तिसऱ्या वर्षाचा. कुठल्याच संघाचा कप्तान वगैरे नव्हता, पण नव्या मुलांनी आपल्याला तेच म्हणायचं, असा त्याचा हुकूम होता. बाहेर नव्या मुलांची रांग लागली होती. शर्ट उलटे घातलेले, बटणं पाठीवर, नजर स्वतःच्या बुटांवर. त्यांच्या डोक्यावर 'रॅगिंग हा गुन्हा आहे' असा भलामोठा फलक होता आणि रांग अगदी शिस्तीत त्या फलकाखालीच उभी होती.

दरवर्षी पहिल्या आठवड्यात ही वरात वसतिगृहाच्या तळमजल्यावरच्या या सलूनमध्ये यायची. प्रत्येक नव्या मुलाच्या डोक्यावर मशीनने एक पट्टा, आणि तो महिनाभर मिरवायचा, अशी इथली रीत. काकूंचे यजमान होते तोवर पट्टे तेच मारायचे. काकू त्या दिवशी काहीतरी निमित्त काढून घरी थांबायच्या. गेल्या हिवाळ्यात यजमान गेले आणि मशीन काकूंच्या हातात आलं.

काकूंचा हात हलका होता आणि तोंड मात्र अजिबात हलकं नव्हतं. गिऱ्हाईक कोणी का असेना, आधी विचारायचं आणि उत्तर मिळाल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, हा त्यांचा खाक्या होता. खुर्चीत डुलकी लागलेल्या प्राध्यापकांनाही त्या खांदा हलवून जागं करायच्या. कापलेले केस परत चिकटवता येत नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं असे.

"काकू, वेळ नका घालवू," कॅप्टन म्हणाला. "मलाही याच खुर्चीत पट्टा मारलाय. तुमच्याच काकांनी. मेलो का मी?"

काकूंचा हात थांबला. आरशात त्यांना कॅप्टन दिसत होता, आणि त्याच्या खाली तो चष्मेवाला, ओठ घट्ट मिटलेला.

"त्यांनी तुला विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मग आरशातल्या मुलाकडे बघून पुन्हा विचारलं, "सांग बाळा. किती ठेवू?"

"पट्टा नको," मुलगा पुटपुटला.

कॅप्टनने मशीन हिसकावलं, सुरू केलं आणि मुलाच्या कपाळावर टेकवलं. काकूंनी भिंतीवरचं बटण बंद केलं. मशीन गप्प झालं, पण बोटभर रुंदीचे केस मांडीवर पडले होते. काकूंनी वायर ओढून मशीन परत घेतलं आणि दुसऱ्या हाताने दाराकडे बोट केलं. त्या ओरडल्या नाहीत. कॅप्टन मात्र जाताना ओरडून गेला की, हे दुकान महिनाभर तरी टिकतं का ते बघतोच.

रांग पांगली. काकूंनी दार लोटलं आणि मुलाला विचारून, केस सगळीकडून बारीक करून ती जागा झाकायला घेतली. कात्री चालू असताना मुलगा हळूहळू बोलू लागला. जेवण उभ्याने, सर्वांचं झाल्यावर. कॅप्टनचे कपडे धुवायचे. नाही म्हटलं तर न्हाणीघरात कोंडायचे, दोनदा कोंडलं होतं. घरी काही कळू देऊ नका, वडील परत बोलावून घेतील, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. पट्ट्याच्या दिवशी आपण घरी बसायचो तेव्हा इथे अशीच पोरं बसलेली असायची, हे त्यांना तेव्हा माहीत होतं आणि आज त्याची चीड आली.

"तक्रार मी करते," त्या म्हणाल्या. "दुकान माझं, मशीन माझं, खुर्ची माझी. तुला कोणी विचारलं तर खोटं बोलू नकोस, एवढंच कर."

काकू तक्रार घेऊन गेल्या तेव्हा रेक्टरांनी चहा मागवला, म्हणजे प्रकरण मिटवायचं होतं. मुलांची गंमत असते, ओळखी होतात, असं त्यांनी सुरुवातीला सांगितलं. मग, केस काय, महिन्यात उगवतील, असं म्हणाले.

"उगवतील की," काकू म्हणाल्या. "म्हणून विचारायचंच नाही का?"

तेव्हा रेक्टरांनी आवाज खाली आणून आठवण करून दिली की, सलूनचा करार याच महिन्यात संपतोय आणि पुढचा करायचा की नाही ते वसतिगृहच ठरवतं. काकूंनी कप बाजूला सरकवला. म्हणाल्या, करार संपायच्या आत तक्रार लिहून घ्या मग, आणि नाही घेतली तर मी कुलगुरूंच्या दारात जाऊन बसते, मला बसायची सवय नाही पण शिकेन.

घरी सासूबाईंनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. दुकान गेलं तर चूल कशावर पेटवायची, असं त्यांनी विचारलं, आणि त्यात चूक काहीच नव्हतं.

"माझ्या लेकाने असले उपद्व्याप कधी केले नाहीत," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर मला करावे लागतायत, आई."



शेवटी तक्रार लिहून घेतली गेली. रॅगिंगविरोधी समितीसमोर कॅप्टनच्या दोस्तांनी एका सुरात सांगितलं की, त्या मुलानेच हौसेने पट्टा मागितला होता. काकूंना काही ऐकू येत नसावं, असंही एकाने सुचवलं. अध्यक्षबाईंनी चष्मेवाल्याला उभं केलं. तो चष्मा काढून इतका वेळ पुसत राहिला की रेक्टर घड्याळ बघायला लागले. काकू त्याच्याकडे न बघता खिडकीकडे बघत बसल्या. बघितलं असतं तर तीही जबरदस्तीच झाली असती.

"मी नको म्हणालो होतो," मुलगा शेवटी म्हणाला. "इथे आल्यापासून मला कोणी काही विचारलंच नव्हतं. काकूंनी विचारलं, म्हणून नको म्हणता आलं."

मग त्याने न्हाणीघराचंही सांगितलं. त्याच्यामागून रांगेतली आणखी मुलं उठली.

कॅप्टनला वसतिगृहातून काढलं आणि त्याचं वर्ष गेलं. सलूनची खोली सामान ठेवायला हवी आहे, असं रेक्टरांनी कळवलं. काकूंनी वाद घातला, हरल्या, आणि सासऱ्यांच्या वेळची ती लोखंडी खुर्ची फाटकाबाहेर सार्वजनिक फुटपाथवर मांडली. इथे माझा करार कोण संपवतो ते बघते, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत. भिंतीतला आरसा निघाला नाही. मग सासूबाई आपणहून येऊन घरचा आरसा धरून शेजारच्या स्टुलावर बसू लागल्या. वीज नसल्यामुळे मशीन बॅटरीवरचं घेतलं. नवी मुलं आली, बरीच आली, आणि प्रत्येकाला तोच प्रश्न विचारला गेला.

एका सकाळी कॅप्टन खोलीतलं उरलेलं सामान बॅगेत भरून फाटकातून बाहेर पडला. बरोबर कोणी नव्हतं. पुढे गेला, परत फिरला, आणि खुर्चीपाशी येऊन उभा राहिला. केस वाढून कानावर आले होते. सासूबाईंनी आरसा मांडीवर पालथा घातला.

"याचे कापायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "याच्यामुळे रस्त्यावर आलोय आपण."

काकूंनी कापड झटकलं आणि खुर्चीकडे मान केली. कॅप्टन बसला. त्यांनी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, कॉलर आत सारली.

"किती ठेवू?"

"घरी चाललोय," तो म्हणाला. "बाबा बघतील."

"ते कळलं मला. किती ठेवू?"

कॅप्टनने मान वळवून मागे बघितलं. त्याच्या मागे उत्तर द्यायला कोणीच उभं नव्हतं. काकू मशीन बंद ठेवून वाट बघत राहिल्या.

थोड्या वेळाने सासूबाईंनी आरसा उचलला आणि त्याच्यासमोर धरला.