बोलोन्याच्या कमानींखालून

उत्तम ओमानमधल्या सोहारच्या एका पोलाद कारखान्यात इंजिनिअर होता. २०१५च्या मे महिन्यात कंपनीनं त्याला नव्या यंत्राच्या ट्रेनिंगसाठी तीन आठवडे इटलीत, बोलोन्याला पाठवलं. त्याच्या बायकोला, नयनाला, तेव्हा चौथा महिना होता, तोही लग्नानंतर आठ वर्षांनी. त्याचा पाय निघत नव्हता.

"जा हो," नयना म्हणाली. "शेजारी कुलसुमभाभी आहेत ना."

पाचला ट्रेनिंग संपलं की तो शहरात भटकायला निघे. तिथल्या फुटपाथांवर कमानींचं छत होतं, जिथवर चालत जावं तिथवर. घाई कुणालाच नसे. म्हातारे हात पाठीमागे बांधून चालत, ओळखीचं कुणी भेटलं की मधेच उभे राहत. आजवर शिफ्टची बस गाठण्यापुरताच चाललेला उत्तम तिथं उगाचच चालायला शिकला. चालता चालता तो फोनवर आवाज रेकॉर्ड करून नयनाला पाठवी.

"आता डावीकडे वळलो. इथं एक बाई खिडकीत बसून वाटाणे सोलतेय. पुढं चौक आहे, एक जण व्हायोलिन वाजवतोय. थांब, ऐकवतो."

तिचं उत्तर त्रोटक येई. "ऐकलं. उद्या कुठं?" दमत असेल, असं त्याला वाटे.

तो परतला तेव्हा दार नयनानंच उघडलं. तिच्याकडे पाहताच तो उंबऱ्यातच थबकला.

"बाळ राहिलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर सहाव्या दिवशी."

त्याला खुर्ची दिसेना, तो बॅगेवरच बसला. थोड्या वेळानं कुलसुमभाभी डबा घेऊन आल्या.

"भाभी, तुम्ही तरी कळवायचं."

"भाऊ, तिनं शपथ घातलीन मला," त्या खाली बघत म्हणाल्या. "रोज भांडले मी तिच्याशी." डबा ठेवून त्या निघून गेल्या.

सहावा दिवस त्याला आठवला. त्या संध्याकाळी तो आइस्क्रीम खात नदीच्या बाजूनं फिरला होता, रेकॉर्डिंगमध्ये हसलाही होता.

"मी तिकडे हसत फिरत होतो," तो म्हणाला. आवाज त्याला आवरेना. "माझंही बाळ होतं ते. मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून नाही लपवलं," नयना म्हणाली. "मला तुमचं ते फिरणं ऐकायचं होतं. हॉस्पिटलात भाभी फोन माझ्या कानाला लावून धरायच्या. तेवढी वीस मिनिटं मी त्या खाटेवर नसायचे. तुम्हाला कळलं असतं, तर ते बंद झालं असतं."

त्याचा राग गेला नव्हता, पण तो कुणावर काढायचा हेही कळत नव्हतं. शेवटी तो तिच्याजवळ जाऊन बसला.

"आता तू सांग," तो म्हणाला. "घरातून निघालात तिथपासून."

नयना सांगू लागली. जिना उतरताना भाभींनी कंबरेला कसा हात घातला, गाडीची सीट कशी तापली होती, कुठल्या चौकात ट्रेलर आडवा आला होता. हॉस्पिटलच्या दारापर्यंत ती आली आणि थांबली.

"पुढचं उद्या सांगते."

"चालेल," तो म्हणाला.

सगळं सांगायला तिला चार संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या संध्याकाळी उत्तम रडला, आणि त्याच्यासोबत तीही, त्या दिवसानंतर पहिल्यांदा.