कोंबडीखालची किल्ली

मी वटार गावच्या एका वाडीतल्या सागवानी कपाटाची जुनी किल्ली आहे. वीतभर लांब, तीन दातांची, अस्सल लोखंडाची. आताच्या चपट्या, पर्समध्ये हरवणाऱ्या किल्ल्यांसारखी नव्हे. लोहाराने मला घडवलं तेव्हा मालकीण जयवंती नवी नवरी होती. तिने मला लाल दोऱ्यात ओवून कमरेला खोचलं, ते तीस वर्षं. सोनं, पैठणी, जमिनीचे कागद, सगळं माझ्या भरवशावर. तेव्हा मित्रांनो, मला ताठा होता तर तो उगाच नव्हता.

अठ्ठ्याण्णव सालच्या वैशाखात कोंबड्यांवर मर आली. चार दिवसांत आमच्या आणि शेजारच्या क्लाराच्या वाडीतल्या सगळ्या कोंबड्या गेल्या, कोंबडेही गेले. उरली एक तांबडी आणि मरीच्या आधी सुपात जमवलेली तिची अकरा अंडी. जयवंतीच्या सासूपासून चालत आलेलं ते बियाणं होतं. ही अकरा गेली की संपलं.

तांबडी खुडूक बसली तशी जयवंतीने पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टोपली मांडली. तळाला राख, वर पेंढा, अंड्यांवर कोळशाची खूण. तेवढ्यात आभाळ गडगडलं. गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून टोपलीत लोखंड ठेवायची आमच्याकडे रीत आहे. खिळा शोधायला वेळ कुणाला? तिने मला कमरेवरून काढून पेंढ्यात खुपसलं, वर कोंबडी बसवली. टोपलीला कुणी हात लावायचा नाही, असं घरभर बजावलं आणि स्वतःच मला विसरली.

आधी मला लाज वाटली. कपाटाची किल्ली, आणि कोंबडीच्या पोटाखाली! पण तिचं काम पाहिलं आणि माझा ताठा उतरला. अंड्यांना उघडी कातडी लागावी म्हणून तिने छातीची पिसं उपटली. चोचीने एकेक अंडं फिरवायची, कडेचं मधे, मधलं कडेला. दिवसातून एकदाच उठायची. करवंटीतली कणी, दोन घोट पाणी, धुळीत अंग घोळलं की परत. एकदा मुंगूस आलं. ती पळाली नाही. फुगून दुप्पट झाली आणि त्याच्या नाकावर अशी चोच मारली की ते पुन्हा फिरकलं नाही. राखण मीही केली होती, पण सागवानी दारावर. ही उघड्यावर बसली होती.

घरात मात्र माझा शोध चालला होता. त्या दिवशी थोरल्या सुनेने, हेमांगीने, झाडलोट केली होती, म्हणून आळ तिच्यावर. फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोरींना खाली बघून झाडायची सवय नसते, असं जयवंती दिवसातून दहादा ऐकवी. हेमांगी पुन्हा पुन्हा सगळं घर झाडून काढी. मी तरी काय करणार? मला दात आहेत, जीभ नाही.

विसाव्या दिवशी धाकट्या मुलाचा, प्रितेशचा साखरपुडा होता, गास गावी. नवरदेवाच्या आईचं सोनं कपाटात, आणि सासऱ्यांनी करवून घेतलेलं कपाट ती फोडू देईना. सकाळी पाणी ठेवायला आलेल्या हेमांगीला टोपलीबाहेर लोंबणारा लाल दोरा दिसला. तिने जयवंतीला हाक मारली आणि दोरा धरला. तेवढ्यात तांबडीखालून बारीक चिवचिव ऐकू आली. दोन दिवस ती उठलीच नव्हती. जयवंतीने सुनेचं मनगट पकडलं.

"हात काढ. अंडी टिचलीत. दोरा ओढलास तर सगळी एकमेकांवर आपटतील."

"पण आई, तुमचं सोनं?"

"मुलगी प्रितेशला देतायत, माझ्या गळ्याला नाही."

नटूनथटून आलेल्या क्लाराला राहवेना. "जयवंतीबाय, कोंबडीपायी अशी जाशील?"

"तुला दोन पिल्लं हवीत ना? मग गप बस."

जयवंती साध्या सुती लुगड्यात आणि काळ्या मण्यांत निघाली. हेमांगीने आपली चेन काढून तांदळाच्या डब्यात टाकली आणि तशीच सासूबरोबर गेली. जयवंतीने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नऊ पिल्लं निघाली. त्यांना घेऊन तांबडी अंगणात उतरली, तेव्हा कुठे जयवंतीने मला उचललं, धुतलं, पुसलं आणि हेमांगीच्या हातावर ठेवलं.

"माझ्या कमरेला राहत नाही ती. तुझ्याकडे राहू दे."

"माझ्याकडून हरवली तर?"

"तर आधी कोंबडीखाली बघायचं. माणसांना बोल नंतर लावायचा."

पिल्लं मोठी झाल्यावर दोन क्लाराकडे गेली. आता घरात पोलादी कपाट आलं आहे आणि मी पडवीतल्या खिळ्याला असते. मित्रांनो, माझं एक ऐका. खुडूकपण मोडावं म्हणून कोंबडीला पाण्यात बुडवू नका, तिच्या नाकात पीस खुपसू नका. अंधारा कोपरा द्या, दाणापाणी द्या आणि आपले हात आवरा. अंडं टिचलं की सोलायला धावू नका, आतल्याला आपलं काम कळतं.

टोपली मांडली की हेमांगी अजून मला खिळ्यावरून काढते. पेंढ्यात ठेवते, दोरा टोपलीच्या काठावरून नीट बाहेर सोडते. मग तांबडीची कुठलीशी खापरपणती अंग फुगवून माझ्यावर बसते.