पाच हिवाळ्यांची शून्यं

तिला सगळे ऑपरेटरबाई म्हणत. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली होती. ज्या बोर्डात ती वायरी खुपसायची तो केव्हाच भंगारात गेला, पण नाव काही सुटलं नाही. तिला त्याचं वाईटही वाटत नसे. उलट कोणी नवखा भेटला की ती स्वतःहूनच सांगायची, "कानांच्या जिवावर घर चालवलंय मी." आणि नवखा भेटला नाही, तर जुन्यांनाच पुन्हा सांगायची.

हिवाळा लागला की खाडीच्या मुखाशी दूरदेशीची पाखरं उतरत. चिखल्या, तुतवार, कुरव, बदकं. त्यांची मोजणी करणारी पाच-सहा हौशी माणसं होती, आणि त्यांतली सगळ्यात जुनी ऑपरेटरबाई. चिखलावर पसरलेली पाखरं काय, दुर्बीण डोळ्याला लावली की कोणीही मोजेल, असं तिचं मत होतं. तिच्या वाटणीचा तुकडा वेगळा. खाडीच्या वळणावर पुरुषभर उंचीचं पाणकणसाचं दाट बन होतं, आणि त्यात हिवाळ्यापुरतं एक बोटाएवढं तपकिरी पाखरू येऊन राहायचं. पुस्तकातलं त्याचं नाव लांबलचक होतं. मोजणीवाले त्याला नुसतं 'सुई' म्हणत, इतका त्याचा आवाज बारीक.

सुई दिसत नाही. तीस वर्षांत बाईला ती चारदा दिसली असेल, तीही शेपटीकडून. ती ऐकायची असते. बांधावर पाच जागा ठरलेल्या होत्या. प्रत्येक जागी घड्याळ लावून दहा मिनिटं उभं राहायचं, श्वाससुद्धा बेताने घ्यायचा, आणि जितक्या ठिकाणांहून आवाज येईल तितका आकडा वहीत मांडायचा. गप्प बसणं ज्यांना जमत नाही त्यांचं हे काम नव्हे, असं म्हणून तिने आजवर तीन-चार मदतनिसांना पळवून लावलं होतं.

आणि मग सुया कमी होत गेल्या. एका हिवाळ्यात बावीस, पुढच्याला चौदा, मग सहा. त्यानंतर शून्य. बाई हवालदिल झाली. पाण्यात काही मिसळतंय का बघा, म्हणून तिने खाडीच्या कार्यालयाला तीन पत्रं लिहिली. त्यांनी पाणी तपासलं, ते चांगलं निघालं. दुसऱ्या हिवाळ्यातही शून्य. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या. सलग पाच हिवाळे शून्य आलं की पाखरू तिथून गेलं असं धरायचं, आणि पाखरू गेलं की तो तुकडा राखीव यादीतून काढायचा, असा नियम होता. नियम ठरवणाऱ्या समितीत ती स्वतः होती. पाच कशाला, तीन पुरेत, असं कोणी म्हणालं तेव्हा 'पाच म्हणजे पाच' असं टेबलावर हात आपटून तिनेच सांगितलं होतं.

तर पाणकणसाचं बन यादीतून निघालं. तिथे भराव घालून बोटी उभ्या करायला जागा करायची ठरली. काम सोमवारी सुरू होणार होतं.

शनिवारी सकाळी ती निरोप घ्यायला निघाली. बांध निसरडा होता आणि मागच्या वर्षी तिचा गुडघा मुरगळला होता, म्हणून सून सोबत आली. सून दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. पाखरांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. बांधावर पोचल्यावर तिने स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढल्या आणि ती म्हणाली, "आई, केवढा किचकिचाट आहे हो इथे! तुम्ही तर म्हणालात, आता काहीच उरलं नाही."

"कसला किचकिचाट?"

"हा काय. आत्ता येतोय तो."

"बगळे असतील."

"बगळे तिकडे लांब आहेत. हे गवतातून येतंय. शिट्टीला भोक पडल्यासारखं, एकसारखं. तिथून, आणि तिथूनही."

"चेष्टा करू नकोस हं माझी," बाई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. सुनेने वळून सासूच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

मग बाईने तिला पाचही जागी उभं केलं. सून बोट दाखवायची आणि बाई वहीत रेघ ओढायची. पन्नास मिनिटांत सव्वीस रेघा झाल्या. इतक्या तर बाईने तिच्या उमेदीच्या वर्षांतही ओढल्या नव्हत्या. "कानामागून आली आणि तिखट झाली," असं ती सवयीने म्हणाली खरी, पण वाक्याच्या शेवटी तिला रडू कोसळलं.

माणसांचं बोलणं तिला लख्ख ऐकू यायचं. शेजारच्या घरातली कुजबूजसुद्धा यायची, आणि त्यावरून ती दोन दिवस धुसफुसायचीही. म्हणून तर कोणाला संशय आला नाही, तिला स्वतःला तर नाहीच. मायक्रोवेव्ह वाजून वाजून गप्प व्हायचा आणि आतलं दूध पुन्हा गार व्हायचं, तेव्हा ती म्हणायची, हल्लीची यंत्रं टिकत नाहीत. वय झालं की कान एकदम जात नाहीत. वरचे बारीक सूर आधी जातात, आणि जाताना सांगून जात नाहीत. सुया आल्या होत्या. पाचही हिवाळे आल्या होत्या, आणि ती दहा-दहा मिनिटं श्वास रोखून त्यांच्या मधोमध उभी राहून शून्य लिहीत होती.

सुनेने मोबाइलवर आवाज टिपून घेतला आणि दोघी तशाच चिखलाच्या पायांनी खाडीच्या कार्यालयात गेल्या. शनिवारी अर्धा दिवस होता. साहेब कपाटाला कुलूप लावत होता. सुई कशी ऐकायची हे त्यालाही, तो नोकरीला नवा असताना, ऑपरेटरबाईनेच शिकवलं होतं. त्याने कुलूप तसंच सोडलं आणि खुर्ची पुढे केली.

सुनेने मोबाइल टेबलावर ठेवून वाजवला. बाईला वाऱ्याची घरघर ऐकू आली. मग स्वतःचा खोकला. मग पुन्हा वारा. तिने समोर पाहिलं. साहेब मान तिरकी करून ऐकत होता आणि त्याचा चेहरा उजळत चालला होता. दाराशी बसलेल्या शिपायानेही पेपरातून डोकं वर काढलं. खोलीतल्या सगळ्यांना काहीतरी मिळत होतं आणि ती पंगतीत रिकाम्या पानावर बसली होती.

"आहे," साहेब म्हणाला. "बाई, नक्की आहे. भरपूर आहेत."

"मग थांबवा काम."

साहेबाने मोबाइल सुनेकडे हळूच सरकवला. "यादीतून काढल्याचा हुकूम वरून आलाय. तो फिरवायचा तर मान्य मोजणीदाराचे सलग तीन हिवाळ्यांचे आकडे लागतात."

"मी आहे की मान्य मोजणीदार. तीस वर्षं आहे."

"हो, पण..." तो अडखळला. "तुम्हाला ऐकू येत नाही ना, बाई."

"मग तसं लिहून देते. मी बहिरी आहे, पाचही शून्यं खोटी आहेत, असं लिहून देते. द्या कागद."

त्याने कागद दिला. तिने लिहिलं. 'बहिरी' हा शब्द वेडावाकडा आला, म्हणून तो खोडून पुन्हा नीट लिहिला. साहेबाने त्यावर शिक्का मारला, आवक नंबर घातला. "आत्ताच वर पाठवतो. पण उत्तराला दोन-तीन महिने जातात. आणि यंत्रं तर परवा येतायत. ठेकेदाराला मी फोन करून पाहतो, पण माझा अधिकार नाही त्यावर." त्याने खरंच फोन केला, त्यांच्यासमोर, दोनदा. ठेकेदाराने 'लेखी आणा' म्हणून फोन ठेवला. साहेब माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्याशी भांडता आलं असतं.

रविवारी तिने मोजणीवाल्यांना एकेक करून फोन लावले. सगळे हळहळले. एकजण म्हणाला, "बाई, तुम्ही शून्य म्हणालात, मग आम्ही कशाला बघायला जाऊ?" त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करणार?

सोमवारी सुनेने रजा टाकली. त्या पोचल्या तेव्हा मातीने भरलेले दोन ट्रक आणि एक यंत्र बांधावर उभं होतं. बाई तडक मुकादमाकडे गेली आणि त्याला म्हणाली, "आत पाखरं आहेत." त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. मग प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला आणि एक पान तिच्यापुढे धरलं. पाच ओळी, पाच शून्यं, खाली झोकदार सही.

"आजी, ही तुमचीच सही ना?"

"माझीच."

"मग?" तो म्हणाला, उर्मटपणाने नव्हे, खरंच न कळून.

यंत्राने बनाच्या एका कडेने माती लोटायला सुरुवात केली. त्याची घरघर बाईला छातीपर्यंत ऐकू येत होती. एकही पाखरू उडालं नाही. सुईची जातच तशी, धोका आला की ती उडून जात नाही, आणखी आत सरकते. बाईला हे ठाऊक होतं, आणि ते त्या वेळी ठाऊक नसतं तर बरं, असं तिला वाटलं. ट्रक रिकामे होऊन जात आणि भरून येत. यंत्र जरा थांबलं की ती सुनेला विचारायची, "येतोय का?" सून कान देऊन म्हणायची, "येतोय." दुपारपर्यंत तिने हे सात-आठ वेळा विचारलं. सून एकदाही त्रासली नाही. तिने बाईचा हात धरला होता तो सोडलाही नाही.

चारच्या सुमाराला पाणकणसाचा शेवटचा पट्टा मातीखाली गेला. यंत्रवाल्याने इंजिन बंद केलं आणि तो डबा घेऊन सावलीला गेला. बांधावर शांत झालं.

"येतोय का?"

सून बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "नाही, आई. थांबला."

ऑपरेटरबाईने डोळे मिटले आणि जीव एकवटून ऐकलं. काहीतरी फरक कळेल, निदान काहीतरी संपल्याचं तरी कळेल, म्हणून ती घड्याळ न बघता उभी राहिली. पण तिला ऐकू येत होतं ते अगदी सकाळसारखंच होतं.