काडीची फट

मालवणच्या धुरीवाड्यात भाईंचं वेल्डिंगचं वर्कशॉप. चाळीस वर्षं त्यांनी बंदरातल्या होड्यांच्या टाक्या आणि कठडे जोडले, आणि आपला जोड कधी उकलला नाही याचा त्यांना अभिमान होता. जरा जास्तच होता.

त्यात लेकीने, रसिकाने, कोल्हापूरच्या विक्रेत्याकडून लेझर वेल्डिंगचं मशीन आठ दिवस वापरून बघायला आणलं. वेल्डिंगची काडी नाही, जोडावरची खपली ठोकून काढणं नाही. बंदुकीसारखं हत्यार फिरवायचं, की शिवणयंत्रातून निघावी तशी बारीक शिवण पडत जाते. भाईंच्या काडीने पातळ पत्रा तापून पापडासारखा वाकायचा. इथे तो सरळच्या सरळ. भाईंनी पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि परत आपली काडी हातात घेतली.

सिद्धेश तांडेलाच्या होडीची डिझेलची टाकी रसिकाने त्याच मशीनवर घेतली. चार दिवसांनी मासेमारी सुरू होणार होती. सिद्धेशने आधीच बजावलं, टाकी टिकली तर बंदरातली सगळी कामं आणतो. गळली तर मशीन परत धाडायचं आणि भाईंच्या काडीनेच जोडून द्यायचं. रसिका कबूल झाली. पत्रे मात्र नेहमीप्रमाणे भाईंनी कापले.

सिद्धेश उभा असतानाच टाकी जोडून झाली. मग त्याच्यासमोरच जोडांवर बाहेरून खडूचं पाणी फासलं, वाळू दिलं आणि आत डिझेल ओतलं. गळती असली की पांढऱ्यावर ओला डाग उमटतो. तीन बाजू कोरड्या राहिल्या. चौथ्या बाजूला रुपयाएवढा डाग उमटला.

"भाईंची काडी ती काडी," सिद्धेश म्हणाला. "परत धाड गो तां मशीन."

भाईंना आनंद व्हायला हवा होता. क्षणभर झालाही. काडीने जोडताना दोन पत्र्यांत बारीक फट ठेवावी लागते, वितळलेला रस आत उतरायला. लेझरला पत्रे अंगाला अंग लागून हवेत, हे रसिकाने दहादा सांगितलं होतं. तीन बाजू त्यांनी तशा कापल्याही होत्या. चौथीला हात सवयीने चुकला म्हणावं, तर फट त्यांना तेव्हाच दिसली होती. दिसूनही त्यांनी ती राहू दिली होती. रसिकाचा उतरलेला चेहरा पाहून त्यांना स्वतःची लाज वाटली.

"सिद्धेशा, मशीनाचो दोष नाय," ते म्हणाले. "फट मिया ठेवलंय. बघून ठेवलंय."

सिद्धेशने डागावर बोट फिरवून पाहिलं. मग "उद्या परत बघूक येतंय" म्हणून निघून गेला.

भाई खाली मान घालून चौथ्या बाजूसाठी नवी पट्टी कापायला बसले. खूण आखता आखता त्यांनी विचारलं, "तुका फट दिसाक नाय?"

"दिसली. जोडूच्या आधीच दिसली."

"मगे बोललंस नाय कित्याक?"

"सिद्धेश हुबो होतो. भाईंचो हात चुकलो म्हणून आजवर कोण बोलूक नाय, बाबानू. पयला मियाच कित्याक बोलू? मशीन जाता तर जांव दे, म्हटलंय."

 चष्मा पुसत भाई म्हणाले, "हेच्या फुडे बोलायचा. चार माणसां हुबी असली तरी बोलायचा."

रसिकाने नवी पट्टी जागेवर बसवून पाहिली, डोळा बारीक केला.

"मगे आताच सांगतंय," ती म्हणाली. "ही पण केसभर कमी पडता."

भाईंनी दुसरा पत्रा ओढला आणि मोजपट्टी तिच्या हातात दिली. "तूच मोज," ते म्हणाले.