बाबांचा आवाज माझ्याकडे होता

मी कोपऱ्यातल्या टेबलावरचा जुना संगणक बोलतोय. पूर्वी मी मोठ्याने बोलायचो, तेही बाबांच्या आवाजात.

बाबा बसस्थानकावर उद्घोषक होते. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज कायमचा गेला. त्याआधीच त्यांच्या मुलीने, ताईने, त्यांच्याकडून पानंच्या पानं वाचून घेऊन माझ्यात साठवली आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला. बाबा टाइप करायचे, मी बोलायचो. कुणावर रागवायचं झालं तरी त्यांना माझ्याकडेच यावं लागे. माझी ऐट काय विचारता.

मग लॅपटॉप आला. चपटा, गोरापान, कुणाच्याही मांडीवर जाऊन बसणारा. त्याला पाहिलं आणि माझ्या पंख्याची घरघर वाढली.

तो आला आत्यामुळे. बाबांची ही थोरली बहीण दुसऱ्या गावी अंथरुणाला खिळली होती, आणि तिला दिसेनासं झालं होतं. बाबांनी लिहिलेलं ती वाचणार कशी? आणि मला उचलून एवढ्या लांब नेणार कोण?

माझी प्रणाली मुक्त, कुणीही उघडून पाहावी, बदलावी अशी. ताईने तीच लॅपटॉपवर बसवली, पण तिची नवीकोरी आवृत्ती. तिथे आमचा प्रोग्राम अडून बसला. त्याला आवाजाची जुनी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला आवाज काढायला मदत करणारी तयार फाइल, हवी होती; लॅपटॉपवर नवी होती. जुनी बसवायला जावं तर बाकीचे प्रोग्राम नवीवाचून चालेनात.

"एकीला आत घेतलं की दुसरी बाहेर," ताई वैतागली. "नुसत्या सवती आहेत."

मला आतून गुदगुल्या झाल्या. माझीही सवत समोरच बसली होती, मुकी.

बाबा माझ्यापाशी आले. त्यांनी टाइप केलं, मी बोललो, "राहू दे गं. मी नुसता तिचा हात धरून बसेन."

"आणि तिने विचारलं, कोण आलंय, तर?"

बाबांनी कळांवरून बोटं उचलली आणि लॅपटॉप ताईच्या पुढ्यात सरकवला.

ताईने इंटरनेट पालथं घातलं. जुनी लायब्ररी ठेवणाऱ्यांनी ती कधीच काढून टाकली होती. शेवटी ती माझ्याकडे वळली. माझ्या पोटात ती होती. ताईने पेनड्राइव्ह लावून तिची प्रत घेतली आणि लॅपटॉपवर प्रोग्रामच्याच फोल्डरात तिला वेगळी चूल मांडून दिली. बाकीच्यांना तिचा पत्ताही लागला नाही.

आणि तो बोलला. बाबांच्या आवाजात. माझ्यासमोर.

दोघं लॅपटॉप घेऊन आत्याकडे जाऊन आल्यावर ताई फोनवर मावशीला सांगत होती, "आत्याने आधी मान वळवली. मग म्हणाली, इतके दिवस गप्प का होतास रे? नंतर दोघं लहानपणीच्या कुठल्याशा गोष्टीवरून दुपारभर भांडले."

ते भांडण खरं तर माझ्या तोंडून व्हायचं होतं.

मी वाट पाहत राहिलो. एक ना एक दिवस लॅपटॉपला मोठं अपडेट येईल, सगळं विस्कटेल आणि बाबा पुन्हा माझी खुर्ची ओढतील, असं मनात होतं. अपडेट आलं. वेगळ्या चुलीला धक्काही लागला नाही. तो बोलतच राहिला.

आता बाबा स्वयंपाकघरात बसतात. माझ्यावर चादर आहे. तुम्ही कधी त्या घरी गेलात तर माझी आठवण काढू नका, त्यांना वाईट वाटेल. एवढंच सांगा, की आवाज जरा वाढवून ठेवा. या खोलीपर्यंत नीट ऐकू येत नाही.